मोरिनी सीएम १६२ ईआय : ठाण्याच्या रेंजवरचा पहिला दिवस

पाच वर्षे एकाच पिस्तुलाने दहा मीटरची नेमबाजी केल्यानंतर यंदा मी मोरिनी या कंपनीचे सीएम १६२ ईआय हे एअर पिस्तूल घेतले आणि जुलैमधल्या एका शनिवारी, तीन हात नाक्यापासून कापूरबावडीपर्यंतच्या पावसाळी कोंडीतून वाट काढत, ते पहिल्यांदा घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या रेंजवर नेले. त्या दिवसाची आणि त्यानंतरच्या दोन रविवारांची नोंदवही समोर ठेवून हे लिहीत आहे. एका चांगल्या दुचाकीइतकी किंमत मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल घेणाऱ्याने नीट, तपशिलात सांगावे असे मला वाटते, कारण मी घेण्यापूर्वी शोधत होते तेव्हा मराठीत वाचायला जवळजवळ काहीच मिळाले नव्हते.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. दहा मीटर एअर पिस्तुलात ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो. नेमबाज उभा राहून, एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता नेम धरतो. टार्गेटवरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या मध्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. स्पर्धेत असे साठ छर्रे मारायचे असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी असलेल्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही आणि स्पर्धेची पिस्तुले या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. तरीही खरेदीची पावती आणि असोसिएशनचे ओळखपत्र मी पिस्तुलाच्या पेटीतच ठेवते आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तसेच करायला सांगते.

सीएम १६२ दोन प्रकारांत मिळते. एमआय म्हणजे यांत्रिक ट्रिगर आणि ईआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक. यांत्रिक ट्रिगरमध्ये एकमेकांत अडकलेले पोलादी भाग घसरून सुटतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोटाचा दाब ठरावीक जागी पोचला की विजेचा संकेत जातो आणि पुढचे सुटण्याचे काम त्या संकेतावर होते. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण मी जे काही शिकले ते सगळे याच फरकातून शिकले.

पिस्तूल बाहेर काढण्यापूर्वी आमच्या रेंजवर दोन गोष्टी सक्तीने होतात आणि मला त्या फार आवडतात. नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, आहे की नाही हे पाहिले जाते आणि नवे पिस्तूल असेल तर ते नियमांत बसते की नाही हे तिथेच तपासले जाते. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या चौकटीत मावले पाहिजे आणि त्याचे वजन दीड किलोपेक्षा जास्त नसावे. या दोन्ही बाबतींत मोरिनीला काहीच अडचण नव्हती. ट्रिगरच्या वजनाची चाचणी अधिक महत्त्वाची असते. नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवायचे आणि पिस्तुलाने ते न सुटता उचलायचे, असा नियम आहे. त्यासाठी तीन प्रयत्न मिळतात. ही चाचणी पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये दाबलेली हवा भरलेली असतानाच करायची असते, हे पुष्कळ जण विसरतात. माझ्या पिस्तुलाने पहिल्या प्रयत्नात वजन उचलले, पण आमच्या प्रशिक्षक सरांना ते उचलणे काठावरचे वाटले. ‘‘मॅडम, स्पर्धेच्या दिवशी हेच तिसऱ्या प्रयत्नावर गेले तर तुमचे चित्त तिथेच अडकून पडेल,’’ असे म्हणून त्यांनी स्क्रू किंचित फिरवायला लावला. आता ते ५०० ग्रॅमच्या जरा वर आहे आणि पुन्हा खाली आणण्याचा मोह मी टाळला आहे.

हातात घेतल्यावरची पहिली भावना सांगायची तर हे पिस्तूल पुढे जड नाही. माझे जुने पिस्तूल मनगटाला पुढे ओढत असे आणि शेवटच्या वीस छर्र्यांत ती ओढ खांद्यापर्यंत चढत असे. मोरिनीचा तोल मुठीच्या पुढे, पण मुठीला लागूनच आहे, त्यामुळे हात वर नेऊन नेमाच्या जागी खाली आणताना पिस्तूल आपोआप थांबल्यासारखे वाटते. ज्यांना पुढे वजन लागते, म्हणजे ज्यांचा होल्ड, नेमावर स्थिर धरलेला हात, हलक्या पिस्तुलाने थरथरतो, त्यांनी मात्र हे घेण्यापूर्वी कोणाचे तरी मागून वीस-पंचवीस छर्रे मारून पाहावेत. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा पनवेलला सुमा शिरूर यांनी उभ्या केलेल्या लक्ष्य शूटिंग क्लबच्या परिसरात असे अनुभवी नेमबाज भेटतात आणि नीट विचारले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

मुठीचे प्रकरण मात्र त्रासाचे झाले. लाकडी मूठ हा या पिस्तुलाचा जीव आहे. तळहाताच्या उंचसखलपणानुसार ती कोरलेली असते, म्हणून ती मापाने घ्यावी लागते. मी विक्रेत्याला हाताचा ठसा कागदावर काढून, बोटांची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून पाठवली होती. तरीही पेटीत एक माप मोठी मूठ आली, आणि बदलून मागितल्यावर ‘‘घासून घ्या, सगळेच घासतात’’ असे उत्तर मिळाले. घासणे हा या खेळाचा भाग आहे हे मला मान्य आहे, पण माप कळवूनही चुकीची वस्तू पाठवणे आणि वर ते घेणाऱ्याच्या गळ्यात मारणे मला मान्य नाही. याच विक्रेत्याने दिलेल्या दुसऱ्या सिलिंडरवरची तारीखही दोन वर्षे जुनी निघाली. हवेच्या सिलिंडरची मुदत बनवल्यापासून दहा वर्षे असते, आणि ती संपलेली नाही हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवर टाकलेली आहे. म्हणजे गोदामात पडून गेलेली दोन वर्षे माझ्या खिशातून गेली असती. सिलिंडर त्याने बदलून दिला, तोही चार फोनांनंतर. पिस्तूल घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, सिलिंडरवर कोरलेला महिना आणि वर्ष वाचावे.

मोठ्या मुठीने काय होते ते पहिल्या पाच मिनिटांतच कळले. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागच्या वळणात पूर्ण बसत नव्हती आणि दर वेळी पिस्तूल उचलल्यावर हात वेगळ्याच जागी जात होता. डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, नेमाच्या जागी आणायचे आणि मग डोळे उघडायचे, ही मूठ तपासण्याची जुनी रीत आहे. मूठ बरोबर असेल तर डोळे उघडल्यावर पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या साईटच्या खाचेत मधोमध दिसते. माझी दहापैकी सात वेळा उजवीकडे दिसली. त्या दिवसापुरता तळहाताखालचा सरकता आधार वर घेऊन आणि पातळ चिकटपट्टी लावून काम भागवले. या आधाराबद्दल नियम असा आहे की तो मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून हाताला वर आवळणारा नसावा. चिकटपट्टी ही रेंजवरच्या सरावापुरतीच युक्ती आहे. स्पर्धेसाठी लाकूड घासून वरून पुट्टी भरावी लागते.

त्यानंतर छर्र्यांची निवड केली. नव्या नळीला कोणता छर्रा मानवतो हे नळीच ठरवते, म्हणून मी तीन डबे नेले होते : आरडब्ल्यूएसचे आर १० मॅच, वजन ०.४५ ग्रॅम, आणि एच अँड एनचे फिनाले मॅच, वजन ०.४९ ग्रॅम, तेही ४.४९ आणि ४.५० अशा डोक्याच्या दोन मापांत. हे सगळे सपाट डोक्याचे छर्रे आहेत. कागदावर ते स्वच्छ गोल भोक पाडतात आणि त्यामुळे गुण वाचताना वाद होत नाहीत. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे चार वेळा मारले. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. टेकवून मारलेल्या छर्र्यांचा मध्य आणि हात मोकळा ठेवून मारलेल्यांचा मध्य एक नसतो, म्हणून या चाचणीत टार्गेटवर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, कुठे पडला हे पाहायचे नाही, तो किती आवळलेला आहे एवढेच पाहायचे. ४.४९ च्या फिनाले मॅचचे पाचही छर्रे चारही वेळा एकाच भोकातून गेले आणि ते भोक कोरड्या वाटाण्याएवढे होते. आर १० थोडा पसरला, पण तोही दहाच्या वर्तुळाबाहेर गेला नाही. ४.५० चा सर्वांत जास्त पसरला. दुसऱ्याच्या नळीत नेमके उलटे होऊ शकते, म्हणून माझा निष्कर्ष उचलून पाच डबे आणू नयेत. नळीतून एवढी अचूकता मिळते हे पाहिल्यावर मला आनंद झाला आणि जरा भीतीही वाटली, कारण यापुढे आठ किंवा सात गुण पडले तर त्याचे कारण पिस्तुलात शोधता येणार नव्हते.

मग उभी राहिले. काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्या भागात नेम ठेवून पहिले दहा छर्रे साईटिंगसाठी, म्हणजे साईट जुळवून घेण्यासाठी, मारले. ग्रुप खाली आणि डावीकडे पडत होता. मागची साईट ज्या दिशेला सरकते त्याच दिशेला छर्रा सरकतो, हे लक्षात ठेवले की साईटच्या स्क्रूच्या खटक्यांचा, म्हणजे क्लिकचा, गोंधळ होत नाही, म्हणून साईट वर घेतली आणि उजवीकडे नेली. क्लिक बोटाला स्पष्ट लागतात, कानालाही ऐकू येतात आणि एक क्लिक म्हणजे एकच क्लिक असते. माझ्या जुन्या पिस्तुलात दिशा उलटवली की पहिला क्लिक वायाच जात असे. मागच्या साईटच्या खाचेची रुंदीही स्क्रूने कमीजास्त करता येते. मी चाळिशीपार आहे, पुढची साईट पूर्वीसारखी कोरीव दिसत नाही, म्हणून खाच थोडी रुंद करून दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या वाढवल्या आणि लगेच नेम सोपा झाला. माझ्या वयाच्या नेमबाजांनी नवे पिस्तूल घेतल्यावर आधी हा स्क्रू फिरवून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

पण साईट सुधारूनही दर पाच-सहा छर्र्यांमागे एक छर्रा डावीकडे खाली जातच होता, आठ वाजण्याच्या दिशेला, सहा-सात गुणांवर. बाकीचे नऊ-दहात आणि मधेच हा एक. मी पुन्हा साईटकडे हात नेला तेव्हा सरांनी थांबवले. ‘‘पिशवीवरून वाटाण्याएवढे भोक पडले ना? मग साईटला हात लावू नका. पिस्तूल टेबलावर ठेवा आणि तिकडे बघा.’’ मी पाठ फिरवली. ते प्रत्येक वेळी नळी टार्गेटकडेच ठेवून पिस्तूल तयार करत आणि मला उचलायला सांगत. कधी त्यात छर्रा भरलेला असे, तर कधी पिस्तूल तयार करण्याची लीव्हर न उचलता नुसते ठेवलेले असे, आणि यातले काय ते मला ठाऊक नसे. पहिले दोन छर्रे नीट सुटले. तिसऱ्यांदा मी दाब वाढवत गेले, काळा गोल आणि साईट जुळल्यासारखे वाटले, ‘आता’ असे मनात आले आणि बोटाने दाब दिला. नुसता टक् असा आवाज झाला. छर्रा नव्हता, हवा नव्हती, आणि त्या निःशब्द क्षणात पुढची साईट खाचेतून सरळ डावीकडे खाली बुडालेली मला दिसली. धक्का नसताना बुडाली, म्हणजे ती मीच बुडवली होती. असे दहापैकी चार वेळा झाले.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा गुण मला इथे समजला. जुन्या पिस्तुलाचा ट्रिगर सुटण्यापूर्वी थोडा सरकत असे, खरखरत असे, आणि त्या सरकण्यात माझे खेचणे मिसळून जात असे. पाच वर्षे मी त्या खेचण्याला ट्रिगरचा दोष म्हणत आले. मोरिनीमध्ये पहिला टप्पा मऊपणे संपतो, मग एक स्पष्ट भिंत लागते आणि ती भिंत कुठल्याही हालचालीची चाहूल न देता सुटते. काचेची बारीक काडी मोडावी तसे ते सुटणे असते. इतक्या स्वच्छ ट्रिगरवर बोटाची प्रत्येक चूक उघडी पडते. शिवाय ड्राय सरावात, म्हणजे छर्रा न भरता केलेल्या सरावात, दर वेळी लीव्हर उचलून पिस्तूल पुन्हा तयार करावे लागत नाही. ट्रिगर दाबला की टक् होते, बोट सोडले की पुन्हा दाबता येते, त्यामुळे हात आणि नेम न मोडता एकामागून एक दहा ट्रिगर घेता येतात. घरी भिंतीवर कोरा पांढरा कागद लावून मी आता रोज संध्याकाळी वीस मिनिटे हेच करते.

त्या दिवशी शेवटी चाळीस छर्रे मोजून मारले. एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत पूर्ण गुणच धरतात, दशांश फक्त अंतिम फेरीत मोजतात, म्हणून पूर्ण गुणांतच सांगते : ४०० पैकी ३५२ झाले. जुन्या पिस्तुलाने माझे चाळीस छर्र्यांचे सरासरी ३६४ होत असत. बारा गुण कमी झाले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ३५९ आणि दुसऱ्या रविवारी ३६६ झाले, आणि या ३६६ मध्ये सहा किंवा सात गुणांचा एकही छर्रा नव्हता. पहिल्याच दिवशी आकडा वाढेल या आशेने कोणी हे पिस्तूल घेणार असेल तर त्याने ती आशा ठेवू नये.

धक्क्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. स्टेयर, पार्दिनी अशा काही कंपन्यांच्या पिस्तुलांत धक्का शोषणारे वजन आत सरकते. सीएम १६२ मध्ये तशी वेगळी योजना नाही, त्यामुळे सुटताना नळीचे टोक किंचित उडते. मला त्याचा त्रास वाटला नाही, उलट ते सरळ वर उडाले की डावीकडे, यावरून फॉलो थ्रू, म्हणजे छर्रा सुटल्यानंतरही नेम धरून ठेवणे, कसा झाला हे कळते. आवाज मात्र बंद खोलीत टणटणीत येतो, कानाला प्लग लावावेतच.

हवेचा हिशोब असा झाला. सिलिंडर २०० बार (हवेच्या दाबाचे एकक) पर्यंत भरतात, मी १९० वर सुरुवात केली आणि पिशवीवरचे, साईटिंगचे आणि मोजलेले धरून सव्वाशेच्या आसपास छर्रे मारल्यावर काटा शंभराच्या थोडा वर होता. साठ छर्र्यांची स्पर्धा एका भरणीत सहज होते. पावसाळ्यात ठाण्यासारख्या दमट हवेत हवा भरताना कॉम्प्रेसरचा पाणी गाळणारा भाग साफ आहे ना, हे मी विचारून घेते, कारण आत गेलेली वाफ सिलिंडरला आणि झडपेला आतून खाते. घरी आल्यावर पोलादी भागांवरून तेलाचे बोट लावलेले कापड फिरवणे हे जून ते सप्टेंबर चुकवू नये. घामाचा हात लागून एका रात्रीत तांबूस ठिपका पडलेला मी मैत्रिणीच्या पिस्तुलावर पाहिला आहे.

इलेक्ट्रॉनिक पिस्तुलाबद्दल सगळे जी शंका विचारतात ती मलाही होती : ऐन वेळी बंद पडले तर? २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरीच्या मधेच बिघडले, दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली, हे आपण सर्वांनी हळहळत पाहिले होते. तीच मनू २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये याच दहा मीटर प्रकारात कांस्यपदक घेऊन उभी राहिली. यंत्र म्हटले की बिघाड आला, तो यांत्रिक ट्रिगरलाही चुकत नाही. या तीन आठवड्यांत माझे पिस्तूल एकदाही अडले नाही. तरी पेटीत सुटी बॅटरी ठेवली आहे, सराव संपला की स्विच बंद केल्याची खात्री करते आणि सहा महिन्यांनी, गरज असो वा नसो, बॅटरी बदलायची असे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

घ्यावे का, असे मला आमच्या रेंजवरच्या तिघांनी विचारले. त्यातली एक मुलगी अकरावीत आहे, तिला सराव सुरू करून सात महिने झाले आहेत. तिच्या आईला मी सांगितले की ताई, आणखी एक वर्ष क्लबचेच पिस्तूल वापरू द्या, आधी तिचा उभे राहण्याचा पवित्रा आणि होल्ड बसू द्या, हाताची वाढही पूर्ण होऊ द्या, नाहीतर मूठ दोनदा घ्यावी लागेल. दुसरे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, चार वर्षे नियमाने येणारे, साठ छर्र्यांत ५४० गुणांच्या आसपास अडकलेले. त्यांना मी निःशंकपणे घ्या म्हटले, मात्र मूठ स्वतः जाऊन हातात धरून निवडा, असेही बजावले. तिसऱ्याला हलक्या तोलाचे पिस्तूल मानवत नाही, त्याला माझेच पुढच्या रविवारी देणार आहे, त्याने पन्नास छर्रे मारून स्वतः ठरवावे.

माझी मूठ अजून पुरी झालेली नाही. अंगठ्याच्या बेचकीपाशी अर्धा मिलिमीटर लाकूड उतरवून झाले आहे, करंगळीखाली पुट्टी भरून ती वाळत ठेवली आहे, आणि दमट हवेत तिला चोवीस तासांऐवजी दोन दिवस लागतील असे दिसते.